डीप फ्रीजर कसा निवडायचा? यवतमाळच्या उन्हात आणि लाईन जाण्याच्या त्रासात मटण-मासे साठवण्याची पूर्ण माहिती

यूट्यूबवर 'मीट फ्रीजर' असं शोधलं की अमेरिका-कॅनडाचे व्हिडिओ धडाधड समोर येतात. हरणाची शिकार, गॅरेजमधला भलामोठा फ्रीजर आणि वर्षभर पुरेल एवढं मांस. ते पाहून आपल्याकडच्या अनेकांना दोन प्रश्न पडतात. एक, असं रानातलं मांस आपण घरी ठेवू शकतो का? दोन, मटण, गावरान कोंबडी किंवा धरणातले मासे साठवायचे असतील तर कोणता फ्रीजर घ्यावा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात आहे: नाही. दुसऱ्याचं उत्तर मोठं आहे. कारण यवतमाळ जिल्ह्यात फ्रीजर घेताना फक्त लिटर आणि किंमत बघून भागत नाही. इथे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि लाईन कधी जाईल ते सांगता येत नाही. त्यामुळे 'किती मावतं' यापेक्षा 'लाईन गेल्यावर किती वेळ गार राहतं' हा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो. या लेखात दोन्ही गोष्टी नीट समजून घेऊ.

आधी कायदा: फ्रीजरमध्ये काय ठेवता येत नाही

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून हौसेची शिकार करणं हा प्रकारच बंद झाला. २०२२ च्या दुरुस्तीने प्राण्यांच्या याद्या नव्याने लावल्या आणि दंड वाढवला. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे.

आपल्या भागात दिसणारे काळवीट, चितळ, रोही, रानडुक्कर, ससा, तितर, मोर, घोरपड हे सगळे या कायद्याखाली येतात. यांची शिकार करणं गुन्हा आहे आणि मांस जवळ बाळगणंही गुन्हा आहे. म्हणजे 'मी मारलं नाही, मला फक्त वाटा मिळाला' हे सांगून सुटका होत नाही.

- सर्वसाधारण गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- अनुसूची १ मधल्या प्राण्याचा संबंध असेल (उदा. काळवीट, मोर, घोरपड) किंवा अभयारण्यात शिकार झाली असेल तर ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड.

जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ टिपेश्वर आणि उमरखेडच्या बाजूला पैनगंगा अशी दोन अभयारण्यं आहेत, हे लक्षात असू द्या.

'पण रानडुक्कर आणि रोही तर पिकाची नासाडी करतात, त्यांना मारायची परवानगी मिळते ना?' हा प्रश्न गावात नेहमी निघतो. कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाला धोका झालेल्या प्राण्याबाबत वन विभाग लेखी परवानगी देऊ शकतो, हे खरं आहे. पण कलम ३९ असं सांगतं की अशा परवानगीने मारलेला प्राणीसुद्धा सरकारची मालमत्ता असतो. रस्त्यावर गाडीखाली आलेला किंवा मेलेला सापडलेला प्राणीही सरकारचाच. असा प्राणी किंवा त्याचं मांस हाती आलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याकडे कळवावं लागतं. घरी आणून फ्रीजरमध्ये टाकणं हा पर्याय कुठेच नाही.

'शिजवल्यावर कोणाला कळतं?' असाही एक समज आहे. डीएनए तपासणीत शिजवलेल्या मांसावरूनही प्राण्याची प्रजाती ओळखता येते. डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट आणि हैदराबादची सीसीएमबी या संस्था हे काम करतात. शेतात जनावरांसाठी विजेचा करंट सोडणं तर त्याहून घातक. त्यात स्वतःच्या शेतातली माणसंही दगावतात.

पिकाचं नुकसान झालं असेल तर सरळ रस्ता भरपाईचा आहे. वन विभागाची 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइन १९२६ आहे. नुकसानीचे फोटो मोबाईलवर तारीख आणि लोकेशनसह काढून ठेवा, पंचनाम्याच्या वेळी कामाला येतात.

आता वळू फ्रीजरकडे. बोकडाचं मटण, गावरान किंवा बॉयलर कोंबडी, इसापूर, बेंबळा, अरुणावती अशा धरणांमधले रोहू-कटला आणि झिंगे, एवढं साठवायला तो उपयोगी पडतो. चार घरांनी मिळून बोकड घेतला आणि हिस्से केले, पोळ्याच्या करीला जास्तीचं मटण आलं, अशा वेळी त्याची किंमत कळते.

फ्रिजच्या वरच्या खणात भागत नाही का?

नवीन मशीन घेण्याआधी घरातला फ्रिज बघा. फ्रिजच्या फ्रीजर कप्प्यावर किंवा माहितीपत्रकात छोट्या चांदण्यांची खूण असते. ही खूण वीजबचतीच्या स्टार लेबलपेक्षा वेगळी आहे, आणि इथेच खूप जण फसतात.

- एक चांदणी: उणे ६ अंश. बर्फ जमतो, पण मांस फार तर काही दिवस टिकतं.
- दोन चांदण्या: उणे १२ अंश. काही आठवडे.
- तीन चांदण्या: उणे १८ अंश. आधीच गोठवलेलं अन्न महिनोन्‌महिने ठेवता येतं.
- चार चांदण्या: उणे १८ अंश, शिवाय ताजं मांस गोठवण्याची ताकदही आहे.

म्हणजे दारावर वीजबचतीचे पाच स्टार असले तरी आतला बर्फाचा कप्पा एका चांदणीचा असू शकतो. सिंगल डोअर फ्रिजचा कप्पा लहानही असतो आणि दार दिवसातून वीस-पंचवीस वेळा उघडतं. दोन किलो चिकन आठवडाभर ठेवायचं असेल तर तो पुरेसा आहे. दहा-पंधरा किलो मटण दोन-तीन महिने ठेवायचं असेल तर मात्र वेगळा डीप फ्रीजर लागतो.

उणे १८ हा आकडा का? या तापमानाला जिवाणूंची वाढ पूर्ण थांबते आणि मांस खराब करणाऱ्या रासायनिक क्रिया खूप मंद होतात. फ्रोझन अन्नासाठी आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांतही हाच आकडा वापरतात. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, फक्त झोपतात. वितळलं की पुन्हा जागे होतात. त्यामुळे आधीच वास आलेलं मटण फ्रीजरमध्ये टाकून चांगलं होत नाही.

किती लिटरचा घ्यावा?

सोपा हिशोब असा: हाडासकट कापलेल्या मटणाला किलोमागे साधारण २ ते २.५ लिटर जागा धरा. पाकिटं सपाट केली तर २ लिटरमध्ये बसतं, वेडीवाकडी असतील तर जास्त लागतं.

समजा घरात आठवड्याला २ किलो लागतं आणि तीन महिन्यांचा साठा करायचा आहे. म्हणजे साधारण २५ किलो. त्याला ५० ते ६३ लिटर. थोडी मोकळी जागा धरून ७० ते १०० लिटरचं मॉडेल पाच-सहा जणांच्या घराला पुरतं. तीस किलो वजनाच्या जिवंत बोकडापासून साधारण १३ ते १५ किलो मटण मिळतं, म्हणजे १०० लिटरमध्ये दोन बोकडांचं मटण आरामात मावतं.

'मोठा घेतला तर बरं' हा विचार इथे चुकतो. अर्धा रिकामा फ्रीजर लाईन गेल्यावर लवकर गरम होतो. घेणारच असाल तर भरून राहील एवढाच घ्या. कंपन्या एकूण आणि वापरायची अशा दोन क्षमता सांगतात. तुलना करताना वापरायची क्षमता बघा.

आणखी एक आकडा माहितीपत्रकात शोधा: २४ तासांत किती किलो ताजं मांस गोठवता येतं. १०० लिटरच्या घरगुती फ्रीजरला एका दिवसात साधारण ४-५ किलोच झेपतं. त्यात एकदम १५ किलो गरम मटण टाकलं तर मधल्या पाकिटांना गोठायला दोन-दोन दिवस लागतात, आणि तेवढ्या वेळात मांस बिघडायला सुरुवात होते.

आडवा की उभा?

आडवा फ्रीजर म्हणजे वरून झाकण उघडणारा, पेटीसारखा. उभा म्हणजे फ्रिजसारखं दार आणि खण असलेला.

थंड हवा जड असते. उभ्याचं दार उघडलं की ती पायाजवळून बाहेर ओघळते आणि वरून गरम हवा आत शिरते. आडव्याचं झाकण उघडलं तरी थंड हवा पेटीत बसून राहते. आडव्याच्या भिंतीही सहसा जाड असतात. त्यामुळे लाईन जाणाऱ्या गावात आडवा फ्रीजर सरळ सरळ उजवा ठरतो.

त्याचे तोटे दोन. जागा जास्त लागते आणि खालची पाकिटं शोधायला वाकावं लागतं. आत टांगायच्या जाळीच्या टोपल्या मिळतात, त्या घ्या. उभा फ्रीजर शहरातल्या लहान फ्लॅटसाठी ठीक आहे, जिथे लाईन क्वचित जाते.

काही गोष्टी टाळलेल्या बऱ्या:

- काचेच्या झाकणाचा फ्रीजर: आइस्क्रीम दिसावं म्हणून दुकानासाठी बनवलेला असतो. काचेतून गारवा लवकर जातो. घरासाठी जाड, बंद झाकणाचाच घ्या.
- व्हिजी कूलर: कोल्ड्रिंकच्या दुकानातलं काचेचं उभं कपाट. ते गोठवत नाही, फक्त गार ठेवतं. सेकंडहँड स्वस्त मिळतं म्हणून अनेक जण फसतात.
- कन्व्हर्टिबल मॉडेल: एका बटणाने फ्रीजरचा कूलर होतो. घेतलं तर बटण लहान मुलांच्या हाताला लागणार नाही याची काळजी घ्या. चुकून कूलरवर गेलं तर साठा एका रात्रीत वितळायला लागतो.

डायरेक्ट कूल की फ्रॉस्ट फ्री? फ्रॉस्ट फ्रीमध्ये पंखा आणि हीटर असतो, त्यामुळे बर्फ खरवडावा लागत नाही. पण फिरत्या हवेने मांस लवकर सुकतं आणि वीजही थोडी जास्त लागते. मांस जास्त दिवस ठेवायचं असेल तर डायरेक्ट कूल आडवा फ्रीजर बरा. त्यात बोटाच्या जाडीएवढा बर्फ जमला की बंद करून वितळवायचा. चाकूने खरवडू नका. आजच्या बऱ्याच मॉडेलमध्ये आर-६००ए किंवा आर-२९० हा ज्वलनशील गॅस असतो. नळीला भोक पडलं तर मशीन जातं आणि आगीचाही धोका होतो.

यवतमाळसाठी सगळ्यात महत्त्वाचे तीन आकडे

दुकानदार लिटर आणि ऑफर सांगेल. तुम्ही हे तीन विचारा.

१. क्लायमेट क्लास. मशीनच्या मागच्या पट्टीवर एसएन, एन, एसटी किंवा टी असं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं. एन म्हणजे ३२ अंशांपर्यंत, एसटी म्हणजे ३८ पर्यंत आणि टी म्हणजे ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेलं. आपल्याला टी लागतो. लक्षात घ्या, मेमधली दुपार त्याच्याही वर जाऊ शकते. म्हणून टी क्लास घेतला तरी फ्रीजर कुठे ठेवायचा हे तितकंच महत्त्वाचं.

२. लाईन गेल्यावर गारवा किती तास टिकतो. याला कंपन्या कूलिंग रिटेंशन किंवा होल्डओव्हर म्हणतात. सर्वसाधारण नियम असा आहे की भरलेला फ्रीजर झाकण न उघडता ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास मांस सुरक्षित ठेवतो. पण हा हिशोब सौम्य हवामानातल्या घरांचा आहे. आपल्या उन्हाळ्यात त्याचा निम्माच धरून चला. काही फ्रीजरच्या भिंतींमध्ये गोठणारं द्रावण भरलेलं असतं, त्यांना युटेक्टिक म्हणतात. आइस्क्रीमच्या गाड्यांवर तेच तंत्र असतं. ते महाग आणि जड असतात, पण गारवा खूप जास्त वेळ धरतात.

३. व्होल्टेज रेंज. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं. कमी व्होल्टेजवर कंप्रेसर सुरू व्हायला धडपडतो, गरम होतो आणि शेवटी जळतो. माहितीपत्रकात 'स्टॅबिलायझर फ्री' लिहिलं असेल तरी पुढे रेंज बघा. तुमच्या घरी व्होल्टेज त्याच्या खाली जात असेल तर स्टॅबिलायझर घ्याच, आणि तोही टाइम डिले असलेला. लाईन आल्यावर तो दोन-तीन मिनिटं थांबून मग करंट सोडतो. तेवढ्यात कंप्रेसरमधला गॅसचा दाब उतरतो आणि मोटरवर ताण येत नाही.

शेतातल्या घरात फ्रीजर ठेवायचा विचार असेल तर आधी तुमचं कनेक्शन गावठाण फीडरवर आहे की कृषी फीडरवर ते पाहा. कृषी फीडरची वीज दिवसातले ठरावीक तासच असते. त्यावर मटणाचा साठा ठेवणं म्हणजे जुगार. तिथे बॅटरीसह सोलर किंवा डीसी फ्रीजर लागेल, किंवा सरळ गावातल्या घरी ठेवलेलं बरं.

'इन्व्हर्टर' या शब्दाचा गोंधळ

जाहिरातीत 'इन्व्हर्टर फ्रीजर' लिहिलं म्हणजे तो लाईन गेल्यावर चालतो, असं नाही. त्यातला इन्व्हर्टर म्हणजे कंप्रेसरचा वेग कमी-जास्त करणारं सर्किट. त्याने वीज वाचते, आवाज कमी होतो आणि सुरू होताना झटका कमी बसतो. बॅटरी त्यात नसते.

घरच्या बॅटरी इन्व्हर्टरवर फ्रीजर चालवायचा असेल तर हिशोब असा. साध्या फ्रीजरचा कंप्रेसर चालू असताना १००-१२० वॅट घेतो, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कित्येक पट करंट ओढतो. म्हणून साइन वेव्ह इन्व्हर्टर हवा आणि क्षमता किमान ८००-१००० व्हीए हवी. १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, प्रत्यक्षात वापरायला ११००-१२०० धरा. त्याच बॅटरीवर पंखे आणि दिवे असतील तर रात्री तीन वाजता सगळंच बंद पडेल.

खरं सांगायचं तर चार-पाच तास लाईन गेली तर इन्व्हर्टरची गरजच पडत नाही. भरलेला फ्रीजर आणि बंद झाकण, हीच तुमची बॅटरी. मोकळ्या जागेत पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या तीन-चतुर्थांश भरून गोठवून ठेवा. बर्फ वितळताना खूप उष्णता शोषतो आणि तेवढा वेळ मांस वाचतं.

वीज बिल किती येईल?

बीईईच्या स्टार लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात ते छापलेलं असतं. स्टारपेक्षा हा आकडा बघा. समजा लेबलवर ३६५ युनिट लिहिलं आहे, म्हणजे दिवसाला १ युनिट. युनिट ८ रुपये धरला तर महिन्याला २४० रुपये.

पण यात दोन खाचखळगे आहेत. लेबलवरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो, आपल्या मे महिन्यात तो वाढतो. आणि महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे असतात. १०० युनिटच्या आत असलेलं घर फ्रीजरमुळे वर गेलं तर वरच्या युनिटना पुढच्या टप्प्याचा चढा दर लागतो. आपलं जुनं बिल काढून हा हिशोब आधी करा. लेबल खरं आहे का हे बीईईच्या 'स्टार लेबल' ॲपवर तपासता येतं.

कुठे ठेवायचा?

- टिनाच्या खोलीत किंवा गच्चीवरच्या खोलीत नको. पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीलाही नको. घरातली सगळ्यात गार, सावलीची खोली निवडा.
- सगळ्या बाजूंनी किमान १० सेंटिमीटर जागा सोडा. बऱ्याच आडव्या फ्रीजरच्या बाहेरच्या भिंतीतूनच उष्णता बाहेर पडते. त्यावर पोतं, गादी, कपडे टाकू नका.
- कूलरच्या खोलीत ठेवला तर चालेल, पण कूलरचा ओला झोत थेट अंगावर येऊ देऊ नका. दमट हवेने झाकणाजवळ बर्फ साचतो आणि पत्रा गंजतो.
- स्वतंत्र सॉकेट आणि अर्थिंग हवंच. एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका.
- कापूस किंवा धान्य साठवलेल्या खोलीत उंदीर असतात, ते वायर कुरतडतात. स्टँडवर ठेवा आणि मागची बाजू अधूनमधून बघत जा.

मशीन घरी आल्यावर तीन-चार तास स्थिर ठेवून मग सुरू करा. पहिल्यांदा रिकामाच चालवा. आतलं तापमान उणे १८ झाल्याशिवाय मटण टाकू नका.

मटण-मासे ठेवायची योग्य पद्धत

ताजं कापलेलं मटण लगेच गोठवलं तर शिजवताना चिवट लागतं. कापल्यावर काही तास स्नायू आखडतात, मग हळूहळू सैल पडतात. आखडण्याआधीच गोठवलं तर तो कडकपणा वितळताना बाहेर येतो. म्हणून मटण स्वच्छ करून, निथळून, फ्रिजच्या खालच्या गार भागात १२ ते २४ तास ठेवा आणि मग फ्रीजरमध्ये टाका. उन्हाळ्यात बाहेर मात्र ठेवायचं नाही. ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर कच्चं मांस एका तासापेक्षा जास्त बाहेर राहू नये. माशांना हा १२ तासांचा नियम लागू नाही. ते साफ करून लगेच गोठवा.

- अर्धा-एक किलोची सपाट पाकिटं करा. पातळ पाकीट लवकर गोठतं. हळू गोठलं की बर्फाचे मोठे कण मांसाचे तंतू फाडतात आणि वितळताना रस गळून जातो.
- झिपची पिशवी उघडी धरून पाण्याच्या बादलीत हळू बुडवा. पाण्याच्या दाबाने हवा निघते, मग झिप लावा. हवा राहिली की मांस सुकून पांढरट डाग पडतात.
- पाकिटावर मार्करने तारीख लिहा.
- नवीन पाकिटं भिंतींना चिकटवून ठेवा, एकावर एक रचू नका. फास्ट फ्रीझचं बटण असेल तर चार-पाच तास आधी दाबा.

उणे १८ अंशांना साधारण किती दिवस टिकतं:

- बोकडाचे मोठे तुकडे: ६ ते ९ महिने
- कोंबडीचे तुकडे: ९ महिने, अख्खी कोंबडी: १ वर्षापर्यंत
- खिमा आणि कलेजी: ३ ते ४ महिने
- नदी-धरणातले मासे: ३ ते ६ महिने
- शिजवलेला रस्सा: २ ते ३ महिने

वितळवताना पाकीट रात्रभर फ्रिजच्या खालच्या खणात ठेवा. घाई असेल तर पाकीट बंद ठेवून थंड पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. ओट्यावर ठेवू नका. बाहेरचा थर गरम होतो आणि आत बर्फच राहतो.

लाईन गेली होती का, हे कसं कळणार?

तुम्ही दोन दिवस गावाला गेलात. मागे लाईन गेली, सगळं वितळलं, लाईन आली आणि पुन्हा गोठलं. परत आल्यावर पाकिटं दगडासारखी दिसतात, पण मांस खराब झालेलं असू शकतं. दिसण्यावरून आणि वासावरून हे ओळखता येईलच असं नाही, कारण आजारी पाडणाऱ्या काही जिवाणूंना वास नसतो.

फुकटचा उपाय: वाटीत पाणी गोठवा आणि वर एक रुपयाचं नाणं ठेवा. ती वाटी फ्रीजरच्या मध्यावर ठेवून द्या. परत आल्यावर नाणं वरच असेल तर काळजी नाही. तळाशी गेलं असेल तर बर्फ पूर्ण वितळला होता, त्या साठ्यावर विश्वास ठेवू नका.

मोबाईलचे उपाय:

- ब्लूटूथ थर्मामीटर: तापमानाची नोंद ठेवतो. पण पत्र्याच्या पेटीतून सिग्नल कमजोर येतो. वायरवाला सेन्सर आत आणि यंत्र बाहेर असं मॉडेल घ्या.
- वायफाय स्मार्ट प्लग: घरची लाईन गेली की प्लग आणि राउटर दोन्ही बंद पडतात. त्यामुळे 'डिव्हाइस ऑफलाइन' असं नोटिफिकेशन देणारं ॲप हवं. प्लग १६ अँपिअरचा घ्या.
- सिमवर चालणारा पॉवर कट अलार्म: मोटारीच्या मोबाईल स्टार्टरसारखंच तंत्र. लाईन गेली की फोन किंवा मेसेज येतो. आत छोटी बॅटरी असल्याने वायफायची गरज नाही. खेडेगावासाठी हाच जास्त भरवशाचा.

लाईन आल्यावर निर्णय असा घ्या. मांसात बर्फाचे कण असतील किंवा तापमान ४ अंशांच्या आत असेल तर पुन्हा गोठवता येतं, चवीत थोडा फरक पडेल. ४ अंशांच्या वर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं असेल तर टाकून द्या. किती वेळ राहिलं हे माहीत नसेल तरीही टाकून द्या. हजार रुपयांचं मटण फेकताना जीव तुटतो, पण घरातल्या लहानग्याला सलाईन लावायची वेळ येण्यापेक्षा ते परवडतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*सेकंडहँड फ्रीजर घ्यावा का?*
घ्यायचाच असेल तर दुकानात रिकामा चार-पाच तास चालवून उणे १८ येतं का ते थर्मामीटरने तपासा. झाकणाच्या रबरात कागद अडकवून ओढा. सहज निघाला तर रबर गेलेलं आहे.

*ऑनलाइन घ्यावा की दुकानातून?*
किमतीपेक्षा सर्व्हिस बघा. कंपनीच्या साइटवर आपला पिनकोड टाकून मेकॅनिक यवतमाळ, पुसद किंवा वणीहून येतो की थेट नागपूरहून, ते तपासा. भर उन्हाळ्यात मेकॅनिक चार दिवसांनी आला तर वॉरंटी असूनही साठा जातो.

*वॉरंटीत काय बघावं?*
कंप्रेसरची वॉरंटी लांब असते, बाकी मशीनची बहुधा एक वर्षाची. जाहिरातीतला मोठा आकडा बहुतेक वेळा फक्त कंप्रेसरचा असतो. पक्कं बिल घ्या. तक्रार ऐकली जात नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

*मित्राने रानडुकराचा वाटा दिला तर?*
घेऊ नका. मांस ज्याच्या फ्रीजरमध्ये सापडतं, गुन्हा त्याच्यावरही दाखल होतो.

दुकानात जाण्याआधीची यादी

हा भाग स्क्रीनशॉट काढून ठेवा:

१. साठा किती किलो? त्याला २ ते २.५ ने गुणून लिटर.
२. आडवा, जाड बंद झाकणाचा, डायरेक्ट कूल.
३. मागच्या पट्टीवर क्लायमेट क्लास टी.
४. लाईन गेल्यावर गारवा किती तास?
५. २४ तासांत किती किलो गोठवतो?
६. व्होल्टेज रेंज, आणि टाइम डिले स्टॅबिलायझर लागेल का?
७. लेबलवरचे वार्षिक युनिट.
८. जवळचं सर्व्हिस सेंटर.

या आठ प्रश्नांची उत्तरं दुकानदाराकडे नसतील तर माहितीपत्रक मागा. तेही नसेल तर दुसरं दुकान बघा.